त्यांच्या आयडीवरची टिक

मी काय काम करतो हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. बायको विचारणाऱ्याला "कंपन्यांचे कॉम्प्युटर पाहतात" असं सांगून मोकळी होते, आणि मग शेजारचे लोक बंद पडलेला प्रिंटर घेऊन दारात उभे राहतात. खरं काम वेगळं आहे. मोठ्या कारखान्यांत एकच सॉफ्टवेअर चालतं. खरेदी, गोदाम, प्रयोगशाळा, विक्री हे सगळं त्यात एकमेकांना जोडलेलं असतं. ते वेड्यासारखं वागायला लागलं की का, हे मी शोधतो. गंमत अशी की बहुतेक वेळा त्यात बिघाड नसतोच. प्रोग्राम ठीक असतो, भरलेली माहिती ठीक असते, माणसंही आपापलं काम करत असतात. फक्त आत कुठेतरी, सहसा कोणी उघडत नाही अशा पडद्यावर, एका चौकोनात नको तिथे टिक असते. आमच्यात याला कॉन्फिगरेशन एरर म्हणतात. त्या टिका लावणारे आम्हीच आणि चुकल्या की शोधायला येणारेही आम्हीच. या धंद्याचं पूर्वी मला हसू यायचं.

दोन-तीन वर्षांपूर्वी, जूनच्या शेवटी, मला पुण्याच्या आमच्या ऑफिसातून फोन आला. मी अमरावतीला राहतो, त्यामुळे वऱ्हाडातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याच गळ्यात असतात. साहेब म्हणाले, "अकोल्याला जा. बियाणं कंपनीत. उद्या नको, आजच." त्यांचा आवाज फार गोड होता. पुण्याचा आवाज गोड झाला की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

ही बियाणं कंपनी अकोल्याच्या एमआयडीसीत आहे. माल आला की मशीनवर साफ होतो, पोत्यांत भरला जातो आणि गोदामात त्याची थप्पी लागते. प्रत्येक थप्पीतून नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवतात आणि शंभरातले किती उगवले ते मोजतात. उगवण बरोबर असली तरच ती थप्पी गेटबाहेर जायची. आमचं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं ते मुख्यतः या एका कुलपासाठी. प्रयोगशाळेचा आकडा भरल्याशिवाय गाडीची पावतीच निघणार नाही, असं आम्ही त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

आणि सोयाबीनची एक आख्खी थप्पी आकडा न भरता निघून गेली होती. माल मागच्या काढणीच्या वेळी भिजलेला. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा निकाल आला, तो साफ नापास. तोवर पोती दुकानांत पोचली होती आणि दुकानांतून वावरांत. इकडे वलगावपासून तिकडे परतवाड्यापर्यंत तक्रारी आल्या. पेरलं ते उगवलंच नाही. लोकांना वावर मोडून पुन्हा पेरावं लागलं, आणि ज्याचा हंगाम हातातून गेला त्याला तेही जमलं नाही.

मूर्तिजापूरमार्गे बसनं जाताना मी खिडकीतून ती वावरं पाहायचं टाळलं. मनात एकच चाललं होतं, की चूक सॉफ्टवेअरची निघू नये. खोटं कशाला बोलू?

कंपनीत मॅनेजरांच्या केबिनमध्ये आधी बोलावणं झालं. हे मूळचे अकोल्याचेच, बोलायला रोखठोक. "वरून चौकशी आली हाय," ते म्हणाले. "मले शनिवारपर्यंत कागद पाह्यजे. सिस्टीमनं सोडली का मानसानं सोडली, एवढं सांगा. बाकी पुराण नका लावू."

माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. गोदामाच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या.

मी त्यांना काकाजी म्हणायचो. पंचावन्न ओलांडलेले, किरकोळ बांध्याचे, शर्ट कायम पँटच्या बाहेर. चोवीस वर्षं त्या गोदामात होते. आधी थप्प्या लावल्या, मग मोजल्या, मग गोदाम-इन्चार्ज झाले. वर्षातून एकच सुट्टी ते हक्कानं मागायचे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायची. एकदा किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे टेबलावर ठेवून म्हणाले होते, "साहेब, आमच्या घरात आजवर कोनाच्याच हाती किल्ली नोती. लोकाइच्याच वावरात राबले सारे." एवढं बोलून त्यांनी जुडगा पुन्हा खिशात टाकला.

सॉफ्टवेअर येण्याआधी तिथे एक पद्धत होती. प्रयोगशाळेतल्या बाई पास झालेल्या थप्पीला सुतळीनं हिरवी चिठ्ठी बांधायच्या. चिठ्ठी नसलेल्या थप्पीला काकाजी हमालांना हातही लावू देत नसत. ती चिठ्ठी मी बंद केली. काकाजी म्हणाले होते, "चिठ्ठी राहू द्या ना साहेब, काय खाते का ते?" मी हसलो होतो. "काकाजी, आता कॉम्प्युटरच पास-नापास सांगते. दोन-दोन कामं कायले?" त्या दिवशी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

दुसरी पद्धत मी मोडली नाही, कारण ती माझ्या सोयीची होती. नियमाप्रमाणे प्रत्येकाचा आयडी वेगळा, पासवर्ड वेगळा. पण गोदामात कॉम्प्युटर एकच. काकाजी सकाळी आठला येत, आपल्या आयडीनं लॉगिन करत, आणि संध्याकाळी गेटला कुलूप लावेपर्यंत तो आयडी उघडाच असे. पावती काढणारा क्लार्क त्यावरच काम करी, पोत्यांची लेबलं छापणाराही त्यावरच. कोणी बाहेरचा आला की काकाजी स्वतः उठत आणि खुर्ची सरकवून म्हणत, "बसा, माह्याच नावानं करा." घरी आलेल्याला पाणी द्यावं तसा ते आयडी देत. आपलं नाव दुसऱ्याला वापरू देण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही, मोठेपणाच वाटला. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं.

त्या दिवशी गोदामात गेलो तेव्हा काकाजी खुर्चीवरून उठले नाहीत. नुसतं म्हणाले, "आले का साहेब? बरं झालं."  मग म्हणाले, "त्या थप्पीतले चाळीस कट्टे माह्या गावाले गेले."

मी विचारलं, "चाळीस पोती? तुमच्या गावाला?"

"हाव. मीच सांगतलं होतं लोकाइले, आपल्या कंपनीचं घ्या, माह्या हातातून जाते, खात्रीचं हाय. अकरा घरांनी घेतलं. माह्या मोठ्या भावानंबी." त्यांनी टेबलावरची धूळ हातानं पुसली. "दादा काल मले इचारे, तुले मालूम होतं का रे? मी म्हनलं, नाई दादा. तर म्हने, किल्ली त तुह्याच जवळ राहते. मंग काहून सोडली? अन् तोंड फिरवलं. लहानपणी बाप गेल्यावर त्यायनंच मले शिकवलं, साहेब. आजवर कदी तोंड फिरवलं नोतं."

मी म्हणालो, मी शोधतो.

"शोधा," ते म्हणाले. "नोकरीचं काय, जाईन त जाईन. पन म्या नाई सोडली एवढं कोनीतरी लिहून द्या. दादाले दाखवाले."

तेव्हापासून त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एवढंच होतं. एका माणसाला आपल्या भावाला दाखवायला एक कागद हवा होता.

शोधायची एक रीत असते. आमच्याकडे प्रत्येक कंपनीच्या सिस्टीमची एक खोटी नक्कल ठेवलेली असते, सरावासाठी. मी आधी नकलेत आकडा न भरलेली थप्पी गाडीवर चढवून पाहिली. सॉफ्टवेअरनं लाल अक्षरांत अडवलं. मग मॅनेजरांना सांगून खऱ्या सिस्टीममध्ये दोन पोत्यांची एक थप्पी बनवली आणि तीच पावती काढली. निघाली. काही न विचारता, बिनबोभाट निघाली. म्हणजे कुलूप खऱ्या सिस्टीममध्ये उघडं होतं. एवढं कळायला पहिला दिवस गेला.

पुढचे दोन दिवस मी दोन पडदे शेजारी-शेजारी उघडून बसलो. नकलेतला एक चौकोन, खऱ्यातला तोच चौकोन. गोदामाची सेटिंग, मालाच्या प्रकाराची सेटिंग, तपासणीची, पावतीची. प्रत्येक पानावर वीस-पंचवीस चौकोन, त्यातले निम्मे कशासाठी आहेत हे मलाही ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे असं दाखवण्याचा मला पगार मिळतो. गोदामात पत्र्याचं छत तापलेलं, वर पंखा नुसताच गरम हवा ढवळत होता. काकाजी मध्ये मध्ये येऊन मागे उभे राहत. "सापडलं का?" असं विचारत नसत. चहाचा कप ठेवून जात.

गुरुवारी अकराच्या सुमारास सापडलं. मालाच्या प्रकाराच्या सेटिंगमध्ये, चौथ्या पानावर, अगदी खाली: "तपासणीच्या निकालापूर्वी माल पाठवण्यास परवानगी." नकलेत चौकोन रिकामा होता. खऱ्यात टिक होती.

मी इतका खूष झालो की काकाजींना हाक मारली. "काकाजी, तुमची चूक नाही! सेटिंग आहे. कोणीतरी टिक लावून ठेवली इथं."

ते चष्मा लावून वाकले आणि त्या चौकोनाकडे पाहत राहिले. "एवढ्याशानं?" ते म्हणाले. "एवढ्याशानं गेली गाडी?"

"एवढ्याशानंच जाते."

"मंग कोनं लावली ते बी दिसते का?"

दिसतं. कोणती सेटिंग कोणी कधी बदलली याची नोंद सिस्टीम स्वतः ठेवते, आणि ती पुसता येत नाही. मी ती नोंद उघडली. मार्च महिन्यातला एक दिवस. सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटं. आयडी काकाजींचा.

"म्या नाई केलं," ते लगेच म्हणाले. "मले त हे पानच मालूम नाई, साहेब. कुठून उघडते हे?"

ते खरंच बोलत होते. सॉफ्टवेअर आल्यापासून त्यांनी त्या कॉम्प्युटरवर पावती आणि शिल्लक या दोन पानांपलीकडे काही उघडलं नव्हतं. पण मग त्या पानावर जायचा हक्क त्यांच्या आयडीला आला कुठून? गोदाम-इन्चार्जला सेटिंग बदलायचा हक्क नसतोच. मी हक्कांची यादी पाहिली. सगळे हक्क होते. आणि ते दिले होते मी. सॉफ्टवेअर सुरू केलं त्या पहिल्या दहा दिवसांत सारखं काही ना काही अडायचं, म्हणून मी वैतागून त्यांना सगळं मोकळं करून दिलं होतं. नंतर काढून घेऊ म्हटलं होतं. आम्ही लोक नंतर काढून घेऊ असं फार वेळा म्हणतो.

मग मला मार्चमधला तो दिवस आठवला. तेव्हा तारखेशी ताडून पाहायचीही गरज पडली नाही, तरी मी फोनमधले जुने मेसेज काढले. पुण्याच्या साहेबांना मी एका लेबलचा फोटो पाठवला होता. "प्रिंटर सुरू झाला." वेळ अकरा सव्वीस. खाली त्यांचा अंगठा.

तो नवा लेबल-प्रिंटर बसवायला मी आलो होतो. आमचं मुख्य काम फेब्रुवारीत संपलं होतं, आणि गिऱ्हाइकाकडे आयडी मोजकेच म्हणून पुण्यानं माझा आयडी बंद करून टाकला होता. काकाजींनी खुर्ची सरकवली. मी बसलो. लेबल निघेना, कारण त्या थप्पीचा आकडा यायचा होता, आणि आकड्याशिवाय सिस्टीम लेबलही देत नव्हती. मला फक्त प्रिंटर चालतो का ते पाहायचं होतं. मी चौथ्या पानावर जाऊन टिक लावली. लेबल निघालं, फोटो काढला, पाठवला. तेवढ्यात काकाजी डबा उघडून हाका मारत होते. घरून त्यांनी माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती. "आधी जेऊन घ्या साहेब, काम काय पळून जाते?" मी उठलो. जेवलो. आणि टिक काढायची राहिली.

चूक सिस्टीमची नव्हती, त्यांचीही नव्हती. माझी होती, आणि तिच्यावर सगळीकडे त्यांचं नाव होतं.

मी त्यांना तिथंच सांगितलं. एवढं मात्र मी केलं.  "काकाजी, ही मीच लावली. मार्चमध्ये, प्रिंटरच्या वेळी. तुमच्या आयडीवर."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. ते खाली बसले आणि म्हणाले, "हे बरं झालं साहेब. दादाले सांगता येईन आता. कोनाच्यातरी हातून झालं, म्या मुद्दाम नाई केलं."

मला ते ऐकवेना. मी बाहेर वजनकाट्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "तुला नक्की आठवतंय?"

"फोटो आहे सर. तुम्ही अंगठा दिला होता."

"फोटोत लेबल आहे. लेबल कोणीही काढू शकतं." पुन्हा तोच गोड आवाज. "हे बघ, रिपोर्ट आठवणीवर लिहायचा नसतो. नोंद काय सांगते ते लिहायचं. नोंदीत तुझं नाव आहे का?"

"नाही."

"मग तू स्वतःला त्यात का घुसवतोयस?"

मी म्हणालो, मी मॅनेजरांना सांगणार आहे. ते म्हणाले, तू भावनेच्या भरात आहेस, तुमच्याकडची माणसं जरा तशी असतात. आणि फोन ठेवला. मी चिडलो. एवढा चिडलो की तडक केबिनमध्ये गेलो, काकाजींना सोबत घेऊन.

तिथे मी सगळं बोललो. टिक, प्रिंटर, बंद केलेला आयडी, डबा, सगळं. काकाजी दाराशी उभे होते. त्यांना बसा म्हणायचं मॅनेजरांना सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मॅनेजरांनी फोटो नीट पाहिला, बोटांनी मोठा करून पाहिला. "लेबल दिसते," ते म्हणाले. "हात नाई दिसत. मी तुमच्यावर इस्वास ठेवतो साहेब, तुमी खोटं काहून बोलसान? पन वरच्या लोकाइले मी इस्वास पाठवू का? कागद पाठवा लागते."

दुपारनंतर तो कागद आला. पुण्याहून, लेटरहेडवर. त्यात लिहिलं होतं की, सदर दिवशी आमच्या प्रतिनिधीचा कोणताही आयडी सदर प्रणालीत कार्यरत नव्हता, सबब त्यांच्याकडून कोणताही बदल होणे शक्य नाही. मी ते तीनदा वाचलं. माझा आयडी बंद होता म्हणून मी काकाजींच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि आयडी बंद होता म्हणून मी बसलोच नव्हतो असं सिद्ध झालं होतं.

मॅनेजरांनी मग ड्रॉवरमधून आणखी एक कागद काढला. सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा सगळ्यांकडून आम्हीच भरून घेतलेलं हमीपत्र. माझा आयडी मी कोणालाही वापरू देणार नाही. खाली काकाजींची सही, एकेक अक्षर जपून काढलेली. सही घेताना मी त्यांना काय सांगितलं होतं ते मला चांगलं आठवतं. "नुसती फॉर्मॅलिटी आहे, काकाजी."

"म्हंजे टिक कोनं बी लावली असन," मॅनेजर म्हणाले, "आयडी देल्ला यायनं. हे त खरं हाय ना?" त्यांनी काकाजींकडे पाहिलं.

"हाव," काकाजी म्हणाले. "देल्ला मी."

त्यांना वाटलं असेल, आयडी दिल्याची शिक्षा आपल्याला होईल आणि टिकेची माझ्या नावावर राहील. खरं खरं वाटून दिलं जाईल. ते शांत होते. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, "तुमी मॅनेजरसमोर बोलले, साहेब. असं कोन बोलते? रिपोर्टमंदी लिहा फक्त. अन् मले त्याची एक झेरॉक्स द्या."

शुक्रवारी रिपोर्ट पुण्याहून तयार होऊनच आला, माझ्या सहीसाठी. पान एक, वाक्यं तीन. बदल अमुक आयडीवरून करण्यात आला. सदर आयडी इतरांस वापरू न देण्याबाबतच्या हमीपत्रावर वापरकर्त्याची सही आहे. प्रणालीत दोष आढळला नाही. मी त्यात खोट शोधायचा फार प्रयत्न केला. माझा धंदाच तो आहे. तिन्ही वाक्यं खरी होती.

मी चौथं वाक्य लिहून रिपोर्ट पुण्याला परत पाठवला. "सदर बदल प्रत्यक्षात मी केला." साहेबांचा फोन आला. या वेळी आवाज गोड नव्हता. "ते वाक्य ठेवलंस तर रिपोर्ट तुझा, आमचा नाही. मग तू आमचा नाहीस. विचार कर." मी विचार केला. अमरावतीच्या बसस्टँडवर, बाकड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी अर्धा तास विचार केला. त्या अर्ध्या तासात मी बायकोचा विचार केला, पोरीच्या बारावीचा केला, या वयात दुसरीकडे कोण घेईल याचा केला. काकाजींच्या दादाचा विचार करायचं मी ठरवून टाळलं. मग चौथं वाक्य खोडलं आणि सही केली. कोणी माझा हात धरून करवली नाही.

काकाजींना पुढच्या आठवड्यात काढलं. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला, असं मला प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं. मी त्या आठवड्यात अकोल्याला गेलोच नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम काढून बसलो. टिक मात्र मी गुरुवारीच काढली होती. आता तिथलं कुलूप पक्कं आहे. कोणी आकडा न भरता गाडी काढून पाहिली तर लाल अक्षरांत अडवतं.

पहिला फोन त्यांनी पंधरा दिवसांनी केला. आवाजात राग नव्हता. घरच्यांची चौकशी केली, पोरीच्या अभ्यासाची केली, आणि मग म्हणाले, "साहेब, तो कागद?" मी म्हणालो, ऑफिसातून मंजूर व्हायचा आहे, आला की पाठवतो. त्यांना ते पटलं. ऑफिसात वेळ लागतो हे त्यांना चोवीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

मग पोळ्याला फोन आला. मग दसऱ्यानंतर, नागपूरहून आल्यावर. दर वेळी आधी इकडचं-तिकडचं, मग कागद. दादा अजून बोलत नाहीत, असं एकदा सांगितलं. एकाच घरात राहतात, मधल्या भिंतीपलीकडे, पण ताटाला ताट लावून बसत नाहीत. "मी सांगतलं त्यायले, साहेबानं समोर कबूल केलं म्हून. दादा म्हनते, लिहेल दाखव." मी म्हणालो, बरोबर आहे त्यांचं, मी बघतो. आणि बघण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. माझ्याकडे एकच कागद होता आणि त्यावर उलटं लिहिलेलं होतं.

एकदा मी ठरवलं की सरळ सांगून टाकावं. काकाजी, मी ते लिहिलंच नाही. नंबर काढला, बोट त्यावर ठेवलं. मग वाटलं, एवढं एक तरी त्यांच्याकडे राहू द्यावं, की कोणीतरी खरं लिहून ठेवलंय. हे मी त्यांच्यासाठी केलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. आता सांगत नाही. मला त्यांच्या नजरेत चांगलं राहायचं होतं, बाकी काही नाही.

दुसऱ्याच पानावर हातानं खरं लिहून सही करून पाठवता आलं असतं. एका साध्या कागदावर. त्याला ना लेटरहेड लागतं ना पुण्याची मंजुरी. हे मला तेव्हाही कळत होतं. पण सही केलेला कागद कुठे कुठे फिरतो हे मी त्या आठवड्यात पाहिलं होतं, आणि मी भित्रा माणूस आहे.

या उन्हाळ्यात त्यांचा मेसेज आला. फोन नाही, मेसेज. मी बडनेऱ्याला एका तेल मिलमध्ये असाच एक चौकोन शोधत बसलो होतो.

"दादा काल गेले साहेब. आता कागदाची घाई नका करू. तुमी खरं लिहिलं हे मले मालूम आहे, तेवढं बस झालं. जेवत जा येळेवर."

मी मेसेज पुन्हा वाचला. मिलचा माणूस मागे उभा होता, त्यानं विचारलं, सापडलं का? सापडलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि पुढचं पान उघडलं.